चित्रातल्याचा नारळ

"आदी मूळपुरुषाची आंगोळ होवंदे, मगे तुझी," असं म्हणून आपा स्टुलावर चढले.

मी मुंबईच्या एसटीतून नुकतीच उतरले होते. खांद्यावरची पिशवीही अजून खाली ठेवली नव्हती. आपांनी भिंतीवरची तसबीर खिळ्यावरून काढली, छातीशी धरून हळूहळू खाली उतरले आणि ओटीवरच्या पाटावर ठेवली. मग वर्तमानपत्राचा बोळा ओला करून काच पुसायला बसले.

आई चुलीपासून ओरडली, "ओ, चेडू सगळी रात बसान इला, तेका चाय तरी घेवंदे!"

"घेवंदे की. मी काय तेचो हात धरलंय?"

मी चहा घेतला नाही. तिथेच उभी राहून त्या तसबिरीकडे बघत राहिले. पाच दिवसांपूर्वी तेच चित्र मी मुंबईत एका दुकानात पाहिलं होतं, आणि तेव्हापासून मला धड झोप नव्हती.

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, दीडएक हात लांब असं ते जुनं विलायती काम. त्यात एक बंदर. मागे दोन शिखरांचा डोंगर, पायथ्याशी वखार, वखारीवर निशाण, भोवती लाकडी कुंपण, दोन्ही अंगांना झावळ्यांच्या झोपड्या. पाण्यात तीन शिडांची दोन मोठी गलबतं आणि पाच-सात होड्या. उजव्या कोपऱ्यात वाळूवर एक माणूस उभा होता. त्याचा एक हात उंच आणि हातात काहीतरी वाटोळं. चित्राखालची अक्षरांची पट्टी वाळवीने कधीच खाल्ली होती, आणि त्या माणसाच्या तोंडावर चहाच्या रंगाचा एक मोठा डाग पसरला होता.

आमच्या तारवेळ बंदरात तुम्ही कोणालाही विचारलं असतं तर उत्तर एकच मिळालं असतं. ही आपली तारवेळ, गोऱ्यांनी इथे पहिली वखार घातली तेव्हाची. कोपऱ्यातला माणूस म्हणजे आम्हा खवणेकरांचा मूळपुरुष. दिवस नारळी पुनवेचा आणि हातात दर्याला द्यायचा नारळ. माझ्या पणजोबांना हे चित्र एका साहेबाने दिलं होतं. तो बंदरावरच्या जकातीवर होता आणि बदली होऊन जाताना म्हणाला होता म्हणे, "हे घे, तुमचं बंदर." साहेब चेष्टा करत होता की त्यालाच तसं वाटत होतं, देव जाणे.

आता आमच्या डोंगराला शिखर एकच. पण त्यालाही आजोबांकडे उत्तर होतं. दुसरं शिखर बंदराचा धक्का बांधताना फोडून नेलं, असं ते सांगत. आमच्या धक्क्याला लागलेल्या दगडांत धड गोठ्याची भिंत उभी राहिली नसती, पण हे बोलणार कोण!

कोणी बोलत नव्हतं याला कारण होतं. तारवेळच्या खाडीच्या दक्षिणेला आमची भाटवाडी आणि उत्तरेला खडपवाडी. पुनवेचा पहिला नारळ कोणाचा, यावरून दोन्ही वाड्या पिढ्यान्‌पिढ्या भांडत. एका वर्षी वल्ह्यांनी मारामारी झाली आणि खडपवाडीच्या एका जवान माणसाचा डोळा गेला. त्यानंतर पणजोबांनी हे चित्र देवळात नेऊन पंचांपुढे ठेवलं. नारळवाला माणूस दक्षिण काठावर उभा आहे, तेव्हा मान भाटवाडीच्या खवणेकरांचा, असं ठरलं. खडपवाडीने मान्य केलं, पण एका अटीवर. मान तुमचा, पण तो आमच्या तोंडून. म्हणून दर पुनवेला वाळूवर गुरव तीन वेळा हाक देतो, "नारळ कोणाचो?" आणि खडपवाडीच्या मानकऱ्याने उत्तर द्यायचं, "चित्रातल्याचो." तो बोलल्याशिवाय नारळ हातातून सुटत नाही. तिसऱ्या हाकेलाही तो गप्प राहिला तर ठराव मोडला, मग ज्याला वाटेल त्याने नारळ टाकावा. म्हणजे पुन्हा वल्ही आलीच.

त्या साली आमचे आजोबा पौषात गेले होते. त्यांनी तब्बल एकेचाळीस वर्षं नारळ टाकला. आपांची पाळी आता आली होती, वयाच्या साठाव्या वर्षी. बोटीवरची नोकरी संपवून येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती आणि श्रावण लागल्यापासून ते सणाला नवे कपडे मिळालेल्या पोरासारखे वागत होते.

आणि मी? चित्रकला शिक्षकाची परीक्षा द्यायला मी मुंबईला गेले होते. शेवटचा पेपर झाल्यावर फोर्टात हिंडताना जुन्या वस्तूंच्या एका दुकानाच्या काचेत मला आमचं चित्र दिसलं. तोच डोंगर, तीच वखार, तीच गलबतं. पण कागद स्वच्छ, खालची अक्षरंही शाबूत. दुकानाचे म्हातारे पारशी मालक मला ते भिंगातून दाखवत म्हणाले, "डच लोकांचा पोर्ट हाय, जावा बेटावरचा. खाली लिहेलाच हाय नी." मी भिंग कोपऱ्यावर नेलं. आमचा मूळपुरुष पिवळ्या केसांचा होता. गुडघ्यापर्यंत विजार, पायांत बूट. आणि उंच केलेल्या हातात त्याची टोपी होती. निघालेल्या गलबताला तो टोपी हलवून निरोप देत होता.

मला तिथेच खुदकन हसू आलं, आणि ते पुरतं बाहेर पडायच्या आत आपा आठवले.

"बग, बग, कसो चमाकता!" आपांनी पुसलेली काच उजेडात धरली. "औंदा तेका झेंडूचो हार. अबोलीचो नको, लगेच सुकता."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि खरं बोलण्याचा मला जरा माजच होता. आपांना सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच मी मुंबईहून निघाले होते. पण समोर ते असे बसलेले. मी गुपचूप आंघोळीला गेले.

पुढचे चार दिवस मी बोलायला मुहूर्त शोधत होते आणि आपा नारळ फेकायचा सराव करत होते. बोटीवर दोरखंड ओढून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात कानाच्या वर जाईना. तरी परसात उभं राहून एक जुना नारळ ते माडांच्या दिशेने भिरकावत. पहिल्या दिवशी तो कोंबड्यांच्या खुराड्यावर पडला, दुसऱ्या दिवशी आईच्या धुतलेल्या टोपांत.

"ओ, दर्या येवडो मोटो असा," आई टोप पुन्हा घासत म्हणाली, "थय तुमचो नेम चुकाचो नाय. हय कशाक घर मोडतास?"

"बापूस पंचवीस वाव लांब टाकी. माझो फुडच्या फुडे पडलो तर खडपवाडी हसात."

"हसूंदे. दात दिसतीत तेंचे."

मी नारळ उचलून आपांच्या हातात दिला. आई आत गेली तशी म्हटलं, "आपा, ह्या चित्र खराच आपल्या बंदराचा असात?"

आपांचा वर गेलेला हात तिथेच थांबला. "कशाक इचारतंस?"

"डोंगर जुळत नाय."

"डोंगर फोडल्यानी."

"पण आपा..."

"शालन, डोंगर फोडल्यानी," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नारळ टाकला. तो माडाच्या बुंध्याला लागून फुटला. आपा घरात निघून गेले आणि जेवायला हाक मारेपर्यंत बाहेर आले नाहीत.

हा आमचा भोळा बाप, आजोबांच्या गोष्टीवर एवढा विश्वास ठेवून बसलेला, याला सांगणं म्हणजे पाप, असं माझ्या मनाने घेतलं. पण खऱ्याचं काय? मान खडपवाडीचाही असू शकतो, आणि त्यांना ते ठाऊकच नाही, हा अन्याय नव्हे का? मग मला उपाय सुचला. आज आठवलं तरी कान तापतात, पण तेव्हा तो मला फार थोर वाटला होता. ज्याचा हक्क बुडाला त्यालाच सांगायचं आणि काय करायचं ते त्याच्यावर सोडायचं.

पुनवेच्या आदल्या दिवशी तरीच्या होडीत बसून मी खाडीपलीकडे गेले. खडपवाडीचे मानकरी होते जयवंत मोंडकर, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांचंही त्या वर्षी पहिलंच वर्ष होतं. आधीचा मानकरी, म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, लकव्याने अंथरुणाला खिळला होता. तात्यांनी उभी हयात बोटीच्या इंजिनात काढलेली. त्यामुळे ऐकू कमी आणि आवाज मोठा. अंगणात होडीचं इंजिन उघडून ते त्याच्यापुढे मांडी घालून बसले होते.

"खवणेकराचा चेडू खडपवाडीत?" ते ओरडले. "कोण मेला?"

"कोण मराक नाय, तात्यानू. माझा तुमच्याकडे काम असा."

"मगे हो पाना धर. बोल."

पाना धरून मी बोलले. दुकान, पारशी म्हातारा, जावा, डच, भिंग, सगळं. तात्या मान खाली घालून चिंधीने एकेक पुरजा पुसत होते. ऐकू येतंय की नाही ते कळेना, म्हणून मी शेवटचं मोठ्याने म्हटलं, "तेच्या हातात नारळ नाय! टोपी असा!"

"टोपी?"

"टोपी."

तात्या हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, ग्रीसच्या हाताने पुसलं तसं गालभर काळं झालं. "टोपयेचा माका म्हायत नव्हता," ते म्हणाले. "डोंगराचा म्हायत होता."

मी पाना खाली ठेवला.

"सासष्ट साल," तात्या म्हणाले. आवाज त्यांनी त्यांच्या मानाने बराच खाली आणला होता. "तुझो बापूस नि मी एकाच बोटीर. तो डेकार, मी खाली इंजिनात. जावा बेटाच्या बंदरात बोट लागली. सकाळची वेळ. घाम सुकवूक मी वर इलंय, तर तुझो बापूस, आत्माराम, कठड्याक धरून उभो. समोर डोंगर. दोन शिखरांचो. तोच गो. ल्हानपणापासून दर पुनवेक हार घालून फुड्यात ठेवलेलो बगलंय, वळखाचो नाय? तुझो बापूस नुसतो बगी होतो. मी तेच्या पाठसून बगलंय आणि तसोच खाली गेलंय. तेका कळाक नाय."

"म्हणजे आपांना ठाऊक आहे?" मालवणी बोलायचंच मी विसरले.

"एकवीस वर्सा."

'डोंगर फोडल्यानी' म्हणताना आपांनी माझ्याकडे का पाहिलं नाही, ते मला तेव्हा कळलं. भोळी कोण, तेही कळलं.

"पण तुमी कशाक गप ऱ्हवलास?" मी विचारलं. "मान तुमच्या वाडीचो झालो असतो."

"डोळो गेलो तो कोणाचो, म्हायत असा? माझ्या काकाचो. मी तेच्या मांडयेर वाडलंय. त्या रिकाम्या खाचयेत मी बोट घालून बगी होतंय, ल्हान होतंय तेवा." तात्यांनी इंजिनाचं झाकण उचलून पुन्हा खाली ठेवलं. "ता चित्र देवळात इला आणि तेच्यानंतर कोणाचो डोळो जावक नाय. खरा असो नायतर खोटा."

"मग उद्या तुमी म्हणतलास? 'चित्रातल्याचो'?"

शेजारी त्यांची सून मासे वाळत घालत होती, तिच्याकडे तात्या बघत राहिले.

"गप ऱ्हवणा येगळा, बाय," ते शेवटी म्हणाले. "आजपातूर ता म्हणूचा काम माझ्या भावाचा होता. तेका काय म्हायत नव्हता, तो म्हणी. आता माझी पाळी. दर्याच्या फुड्यात उभो ऱ्हवान, माझ्या तोंडान, खोटा बोलूचा. चाळीस वर्सा तेच्या पाठीर बसान पोट भरलंय. एकदा तेना बुडवूक घेतल्यान आणि परत सोडल्यान. तेच्या तोंडार खोटा बोलाक माझी जीभ उचलाची नाय."

"मगे काय करतलास?"

"बगूया."

"तात्यानू, तुमी गप ऱ्हवलास तर..."

"बगूया म्हटलंय मा!" ते ओरडले आणि मग एकदम मऊ झाले. "बापाशीक सांगू नको हां, माका म्हायत असा म्हणान. तेका वाटता, जयवंताक कायच ठावक नाय. तसाच ऱ्हवंदे. नायतर माझ्या समोर उभो ऱ्हवाक तेका लाज वाटात."

परतीच्या तरीत मी स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. न्याय करायला गेले होते आणि पदरात पडली होती उद्याची भीती. आपांचा साठ वर्षांनी आलेला दिवस त्या एका माणसाच्या जिभेवर होता, आणि ती जीभ उचलणार नव्हती.

पुनवेच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. आपांनी नवं धोतर, पांढरा सदरा आणि आजोबांची काळी टोपी घातली. टोपी त्यांना मोठी होत होती, म्हणून आईने आत कागदाची घडी घालून दिली. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ त्यांनी दोन्ही हातांत धरला. पुढे ताशा, मागे भाटवाडी, मध्ये चित्र. ते डोक्यावर घ्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. झेंडूचा हार नाकावर लोंबत होता आणि माझ्या डोक्यावर एक डच माणूस टोपी हलवत चालला होता, हे त्या सगळ्या मिरवणुकीत फक्त मला ठाऊक होतं.

किनाऱ्यावर खडपवाडी आधीच येऊन थांबली होती. वाळूवर पाट मांडला होता, त्यावर मी चित्र ठेवलं. एका बाजूला आपा, समोर दहा पावलांवर तात्या. तात्यांनीही धुतलेले कपडे घातले होते, पण गालावर ग्रीस राहिलंच होतं. दोघांनी एकमेकांना रामराम केला. एका बोटीवर अर्धं आयुष्य काढलेली माणसं ती, पण अलीकडे वाटेत भेटली तर हवापाण्यापलीकडे बोलत नसत.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, दर्याच्या राजा! आज ह्यो नारळ तुका देतव, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोन्ही वाड्या ओरडल्या.

"बारा म्हयने तुझ्या पाठीर खेळतले, तेंका सांबाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग ताशा थांबला. गुरव तात्यांकडे वळला. "नारळ कोणाचो?"

पहिल्या हाकेला उत्तर द्यायचं नसतंच. तेवढा खडपवाडीचा तोरा सगळ्यांना मान्य होता. लोक हसले, कोणीतरी शीळ घातली.

"नारळ कोणाचो?"

दुसऱ्या हाकेला उत्तर येतं. वर्षानुवर्षं येत आलेलं. तात्या समोर बघत होते आणि त्यांचे ओठ मिटलेले होते.

हसणं थांबलं. आमच्या बाजूची दोन जवान पोरं पुढे सरकली, तशी त्यांच्या बाजूचीही सरकली. आईने माझं मनगट पकडलं. "ह्येका ऐकाक इला नाय काय?" ती पुटपुटली. "भयरो मेलो." मी आपांकडे पाहिलं. ते पांढरेफटक पडले होते. नारळ त्यांनी पोटाशी धरला होता आणि सोनेरी कागद बोटांखाली चुरगळत होता. कसलीच धडपड त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. ते सरळ तात्यांकडे बघत होते, डॉक्टरच्या तोंडाकडे बघावं तसे.

गुरवाने शेवटची हाक दिली. "नारळ कोणाचो?"

तात्या आपल्या जागेवरून हलले. मानकऱ्याने हलायचं नसतं. दहा पावलं चालून ते आपांच्या पुढ्यात आले. वाटेत पाट होता. त्याला त्यांनी वळसा घातला, चित्राकडे बघितलंही नाही. आपांच्या समोर उभे राहिले आणि इंजिनाच्या खोलीत बोलत असत त्या आवाजात, दोन्ही वाड्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"आत्मारामाचो!"

कोणाला काही सुधरेना. गुरव गोंधळून म्हणाला, "तात्यानू, 'चित्रातल्याचो' असा म्हणतत."

"तुका नारळ कोणाचो ता कळला मा?"

"कळला."

"मगे ताशा वाजव!"

खडपवाडीतून कोणीतरी मोठ्याने हसलं. आमच्यातूनही हसले. भयऱ्याक शब्द विसारलो, असं मागे कोणी म्हणालं, आणि ताशा कडाडला. आपा पाण्यात उतरले, गुडघ्यापर्यंत गेले, आणि सगळ्या गावाने बघितलं की त्यांचा हात कानाच्या वर गेला. नारळ काही पंचवीस वाव गेला नाही. आठ-दहा, म्हणजे पन्नासेक फूट, गेला असेल. पण खडपवाडीतलं कोणीही हसलं नाही.

घरी आल्यावर आपांनी चित्र स्वतः खिळ्यावर लावलं. आई शेजारणींना नारळीभात वाटायला गेली होती. आपा ओटीच्या पायरीवर बसले आणि खांदा चोळत म्हणाले, "तेल लाव गो जरा."

मी तेल लावत होते. मागून मला त्यांचा फक्त टोपीचा वळ उमटलेला कपाळाचा कोपरा दिसत होता.

"मुंबयत कायतरी बगून इलंस," ते म्हणाले. "इल्यापासून तुझा तोंड दिसता. चित्राचा?"

"होय."

"खोटा असा ता. माका म्हायत असा. मी तो डोंगर डोळ्यांनी बगलंय, बोटीर होतंय तेवा." ते थांबले. "जयवंताकय म्हायत असा."

माझा हात थांबला. "तुमका कसा कळला?"

"माझ्या पाठसून उभो होतो तो. वळान बगूक नाय मी, पण तेचे बिडयेचो वास इलो. येंगुर्ल्यासून बिडयो घेवन येय तो, सगळ्या बोटीर तसली बिडी दुसरो कोण वडी नसा. थोडो वेळ उभो ऱ्हवलो आणि खाली गेलो. मी म्हटलंय, झाला. आता गावाक गेल्यार ह्यो सांगतलो. सुटी पडली, गावाक इलव, पुनव इली. सांगूक नाय. दुसऱ्या वर्सा नाय. एकवीस पुनवो झाले, शालन. मी बोटीर असलंय तरी पुनवेच्या दिसाक मनात येय, आज सांगल्यान काय?"

"मग आज..."

"आज तेच्या तोंडान म्हणूचा होता. मी ठरयलेलंय." त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तो 'चित्रातल्याचो' म्हणालो असतो, तर मी नारळ वाळूर ठेवन परत इलंय असतंय. ज्येका खरा म्हायत असा तेका माझ्यासाठी खोटा बोलूक लावन, तो नारळ मी टाकूचो? आणि गप ऱ्हवलो असतो तर पोरांनी डोकी फोडल्यानी असती. माका वाट दिसा नाय होती. आणि तेना माझा नाव घेतल्यान."

आपा रडत होते. मी त्यांना आयुष्यात दुसऱ्यांदा रडताना बघत होते. पण त्यांचा चेहरा इतका सुखी मी त्याआधी कधीच पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही नाही. नाक शिंकरून ते म्हणाले, "तेका सांगू नको हां, माका म्हायत असा म्हणान. तेका वाटता, मी तेका बगूक नाय. तसाच ऱ्हवंदे."

दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना तरीवर तात्या भेटले. मला बघून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांच्या मते कुजबुजले, म्हणजे अर्ध्या तरीला ऐकू गेलं.

"काय गो, बापाशीक काय संशय इलो?"

खरं बोलण्याचा माज असलेली मी, डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले, "छ्या, तात्यानू. ते म्हणतत, जयवंत म्हातारो झालो, बोलूचा ता विसारलो."

तात्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी माझेही तरीचे पैसे देऊन टाकले.

"बरा झाला," ते म्हणाले. "साधो माणूस तो. तेका कळला असता तर उगाच मनाक लावन घेतल्यान असता."